टेक्सासची मिसळ

ज्या अन्नानें पोट भरतें तें एक अन्न, आणि ज्यानें जीव थाऱ्यावर येतो तें दुसरें. या दोहोंतील भेद प्रत्येक गृहिणी जाणते. लग्नकार्यांतील पक्वान्नांचें ताट कितीही सुरेख असलें तरी प्रवासाहून थकून आलेल्या मनुष्यास तें नको असतें. त्यास मऊ भात, त्यावर साधें वरण, तुपाची धार आणि लिंबाची फोड एवढेंच हवें असतें. तापांतून उठलेल्या मुलास पेज, पावसांत भिजून आलेल्यास कुळथाचें पिठलें, परीक्षेस निघालेल्या मुलीस दहींभात, हीं आपल्या घरांतील ठरलेलीं औषधेंच होत. इंग्रजी बोलणाऱ्या लोकांनीं असल्या अन्नास एक स्वतंत्र नांव दिलें आहे. त्याचा आशय मराठींत सांगावयाचा झाल्यास 'धीर देणारें अन्न' असें म्हणतां येईल. घरांत कोणास बरें नसतां, किंवा कोणाचें मन ठिकाणावर नसतां, तेथील लोक काय शिजवितात हें कळलें म्हणजे परक्या देशाची खरी ओळख होते, असें आमचें मत आहे.

आज वाचकांपुढें असाच एक परदेशीं रुळलेला पदार्थ ठेवीत आहों. त्याचें माहेर अमेरिकेंतील टेक्सास हें राज्य. तिकडे त्यास 'फ्रिटो पाय' म्हणतात. मक्याचे तळलेले खारे चिप्स वाडग्यांत घ्यावयाचे, त्यांवर 'चिली' नांवाचें दाट तिखट कालवण गरम गरम ओतावयाचें, वरून किसलेलें चीज व बारीक चिरलेला कांदा पसरावयाचा, आणि चिप्स पुरते मऊ पडण्यापूर्वीं चमच्यानें खावयाचें, झाला पदार्थ. हें वर्णन वाचतांच आमच्या पुष्कळ वाचकांच्या मनांत 'मिसळ' हाच शब्द आला असेल. उसळीच्या जागीं चिली, फरसाणाच्या जागीं मक्याचे चिप्स, आणि वरचा कांदा तर दोहीकडे सारखाच. हें साम्य वरवरचें नाहीं हें पुढें दिसून येईल.

शब्दांची नातीं

'पाय' या शब्दानें कोणी दचकूं नये. आमच्या घरांतील मुलें प्रथम पोट धरधरून हंसलीं होतीं. पिठाच्या पारींत सारण भरून भाजलेल्या पदार्थास इंग्रजींत हें नांव आहे. येथें पारीचें काम चिप्स करतात, एवढाच त्याचा अर्थ. 'फ्रिटो' हा शब्द स्पॅनिश असून त्याचा अर्थ 'तळलेला' असा आहे. तो ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचा संबंध कांहीं कोशकार संस्कृत 'भ्रस्ज्' (भृज्जति) या धातूशीं लावतात; आणि आपलें 'भाजणें' याच धातूच्या कुळांतलें. 'चिली' हा शब्द मात्र युरोपांतला नव्हे. मेक्सिकोच्या मूळच्या रहिवाशांच्या नाउआत्ल भाषेंत मिरचीस जें नांव होतें तेंच हें. 'टोमॅटो' हा शब्दही त्याच भाषेंतून निघाला.

मिरचीस प्राचीन संस्कृतांत नांव नाहीं, हें आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस आम्ही वर्गांत सांगत असूं तेव्हां त्यांस नवल वाटे. चरक आणि सुश्रुत यांच्या काळीं तिखट म्हणजे मरीच, पिप्पली आणि शुंठी. मिरची आपल्याकडे पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर सोळाव्या शतकांत आली, आणि मरीचावरून आलेल्या 'मिऱ्या'चें नांव थोडें वळवून आपण तिला देऊन टाकलें. मिरची, मका, टोमॅटो आणि राजमा हीं चारही अमेरिका खंडाचीं लेंकरें होत. १४९२ सालापूर्वीं तीं आपल्या भूमींत कोणी पाहिलीं नव्हतीं.

'परदेशी पदार्थ आपल्या घरांत कशास?' असें विचारणाऱ्या सज्जनांनीं आपल्या एकादशीच्या फराळाकडे एकवार पाहावें. साबूदाणा आपल्याकडे ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा तिकडचा, बटाटा तिकडचा, मिरचीची हकीकत वर आलीच. साबूदाण्याच्या खिचडींतून परदेशी जिन्नस वगळावयाचे म्हटल्यास पळींत तूप, जिरें आणि मीठ एवढेंच उरेल. तरीही ती खिचडी आपली आहे, कारण आपल्या आजी-पणजीनें ती आपली म्हटली. घरांत आलेल्या सुनेस जी रीति लागू तीच अन्नासही लागू पडते.

टेक्सासचा इतिहास

टेक्सासांत सॅन अँटोनिओ नांवाचें जुनें शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील उघड्या चौकांत दिवेलागण झाली कीं मेक्सिकन स्त्रिया लाकडाच्या विस्तवावर मोठमोठीं पातेलीं चढवीत आणि मजूर, गाडीवान, शिपाई यांस थोडक्या पैशांत चिली वाढीत. लोक त्यांस कौतुकानें 'चिलीच्या राण्या' म्हणत. १८९३ सालीं शिकागोस जें जागतिक प्रदर्शन भरलें त्यांत सॅन अँटोनिओच्या चिलीचें दुकान मांडलें होतें, आणि तेथून या पदार्थाची कीर्ति देशभर पसरली. त्याच दशकांत टेक्सासमधील न्यू ब्राउनफेल्स या गांवीं विल्यम गेबहार्ट नांवाच्या जर्मन गृहस्थानें सुकी मिरची व मसाला एकत्र कुटून त्याची तयार पूड विकावयास काढली. आपल्याकडे मे महिन्यांत जो मसाला घरोघर कुटला जातो तो त्यानें बाटलींत भरला, असें म्हणावयास हरकत नाहीं. पुढें आरोग्याच्या नियमांमुळें चौकांतील त्या चुली उठल्या. परंतु १९७७ सालीं टेक्सासच्या विधिमंडळानें चिलीस राज्याचा अधिकृत पदार्थ ठरविलें.

टेक्सासची मूळ चिली मांसाची असते, आणि तींत घेवडा घालावा कीं घालूं नये यावर तेथील लोक आपल्याकडील पुरणांत गूळ कीं साखर या वादाप्रमाणें तावातावानें भांडतात. आम्हांस त्या वादांत पडण्याचें कारण नाहीं. आमच्या पातेल्यांत घेवडाच आहे.

आतां चिप्सची गोष्ट. १९३२ साल हें अमेरिकेंत मोठ्या मंदीचें होतें. सॅन अँटोनिओ येथें चार्ल्स एल्मर डूलिन या नांवाचा एक मिठाईवाला होता. टिकाऊ आणि खारा असा कांहीं जिन्नस दुकानांत ठेवावा या शोधांत तो असतां, गुस्ताव्हो ओल्गिन नांवाच्या मेक्सिकन गृहस्थानें केलेले मक्याच्या पिठाचे तळलेले काप त्याच्या हातीं आले. ओल्गिन यांस मायदेशीं परतावयाचें होतें. डूलिन यानें त्यांची कृति, सोऱ्यासारखें एक हातयंत्र आणि एकोणीस गिऱ्हाइकांची यादी शंभर डॉलरांस विकत घेतली. या व्यवहारासाठीं आईनें आपली लग्नाची अंगठी गहाण ठेवली असें सांगतात. पहिला कारखाना म्हणजे आईचें स्वयंपाकघर. या डेझी डीन डूलिन बाईंनींच चिप्सवर चिली ओतून हा पदार्थ प्रथम केला, असें टेक्सासवाले म्हणतात. शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यांतील लोकांस हें मान्य नाहीं. सांता फे शहरांतील एका दुकानाच्या उपाहारगृहांत तेरेसा एर्नान्देझ या बाईंनीं १९६० नंतरच्या दशकांत तो लोकप्रिय केला, हा त्यांचा दावा. पुढें १९६१ सालीं डूलिन यांची कंपनी बटाट्याचे चिप्स करणाऱ्या ले कंपनींत मिळाली आणि १९६५ सालीं दोन्ही मिळून पेप्सी कंपनीच्या कुटुंबांत गेल्या.

या सर्वांत आमच्या वाचकांस गंमत वाटेल अशी एक गोष्ट आहे. डूलिन यांची कन्या कॅलिटा डूलिन यांनीं वडिलांविषयीं जें सांगितलें आहे त्यावरून ते स्वतः शाकाहारी होते, आणि मीठ व स्निग्ध पदार्थही टाळीत. खारट-तळकट जिन्नस जगास पुरविणारा मनुष्य घरीं मात्र पथ्यानें जेवीत असे! तेव्हां घेवड्याची निर्मांस चिली करून आपण मूळ पुरुषाचा कांहीं अपमान करतों असें मुळींच नाहीं.

चुन्याचें शास्त्र

मेक्सिकोचे लोक मका नुसता दळीत नाहींत. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यांत शिजवून, रात्रभर तसेच ठेवून, धुवून, मग वाटतात. या रीतीस 'निश्तमाल' म्हणतात. हा चुना म्हणजे आपण विड्याच्या पानास लावतों तोच. चुन्यानें दाण्याचें साल सुटतें, पीठ मळलें असतां चांगलें धरून राहतें, आणि तिसरा लाभ सर्वांत मोठा : मक्यांत बांधलेल्या स्थितींत असलेलें निआसिन हें जीवनसत्त्व मोकळें होऊन अंगीं लागूं शकतें.

युरोपियन लोकांनीं मका नेला, पण चुना तेथेंच ठेवला. त्याचा परिणाम भयंकर झाला. जेथें जेथें गरिबांचें मुख्य अन्न मका झालें, मग तो स्पेन असो, उत्तर इटली असो कीं अमेरिकेचीं दक्षिणेकडील राज्यें असोत, तेथें 'पेलाग्रा' नांवाचा रोग पसरला. त्यांत त्वचा काळवंडून सोलते, अतिसार होतो आणि शेवटीं बुद्धीस भ्रम होतो. हा रोग संसर्गाचा नसून निकृष्ट आहाराचा आहे, हें डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनीं १९१४ नंतरच्या कांहीं वर्षांत प्रयोगानें दाखविलें, आणि १९३७ सालीं कॉनरॅड एल्वेहेम यांनीं निकोटिनिक आम्ल, म्हणजेच निआसिन, यांत त्यावरील उपाय असल्याचें शोधून काढलें.

हा विषय आपल्यापासून दूरचा वाटेल, पण तसा नाहीं. दख्खनच्या पठारावर केवळ जोंधळ्यावर दिवस काढणाऱ्या गरीब कुटुंबांतही हा रोग आढळत असे. हैदराबाद येथील पोषणशास्त्रज्ञ डॉ. गोपालन यांनीं १९६० सालापासून त्याचा सखोल अभ्यास केला. यांतील बोध सरळ आहे. भाकरी एकटी पुरी पडत नाहीं. तिच्या शेजारीं डाळ, उसळ, दूध असें कांहीं हवेंच. मक्याबरोबर घेवडा खाण्याची मेक्सिकोची परंपरा आणि भाकरीबरोबर उसळ खाण्याची आपली, या दोहोंमागें एकच शहाणपण आहे. धान्यांत ज्या प्रथिनांची उणीव असते ती कडधान्य भरून काढतें. आपला हा पदार्थ त्याच जोडीवर उभा आहे.

शेजारधर्म

आमची धाकटी पुतणी गेलीं नऊ वर्षें टेक्सासांतील डल्लस शहरीं राहते. दोन वर्षांपूर्वीं तिचे सासरे सांगलीस अकस्मात् वारले. जांवई मिळेल त्या विमानानें इकडे निघाले. दोन लहान मुलांस घेऊन ती एकटी मागें राहिली. आपल्या गांवीं असा प्रसंग आल्यास काय होतें हें वाचकांस सांगावयास नको. सुतकाच्या घरीं चूल पेटत नाहीं, आणि कोणी न सांगतां शेजारून पिठलें-भात येतो. तिकडे ना वाडा ना आळी. परंतु दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं शेजारच्या एक सत्तरीच्या बाई झांकलेलें कांचेचें भांडें घेऊन दारांत उभ्या राहिल्या. भांड्यास चिठ्ठी लावलेली होती : 'यांत मांस नाहीं, फक्त घेवडा आहे.' आंत चिली होती, आणि चिप्स मऊ पडूं नयेत म्हणून वेगळ्या पिशवींत आणलेले होते. बाई फार बोलल्या नाहींत. त्यांनीं मुलांस जेवूं घातलें, पुतणीस समोर बसवून चार घांस खावयास लावले, भांडीं घासलीं आणि त्या गेल्या.

वर्षश्राद्धास पुतणी सांगलीस आली, तेथून चार दिवस आमच्याकडे वाईस माहेरीं राहिली. त्या मुक्कामांत तिनें हा पदार्थ आम्हां सर्वांस करून घातला. तिच्या आई, म्हणजे आमच्या वहिनी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांस पिशवींतले चिप्स आणि त्यावर पातळ कालवण हा प्रकार पसंत नव्हता. "खाऊ आणि जेवण एका वाटींत कशाला कालवायचं?" असें म्हणून त्या वाटी बाजूस सारणार, इतक्यांत पुतणीनें ती शेजारणीची हकीकत सांगितली. ती तोंवर आम्हां कोणासही ठाऊक नव्हती. वहिनी क्षणभर गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "म्हणजे भाऊजी, हें त्यांच्याकडचं पिठलं-भातच कीं! आण बाई, दे मला थोडं." त्यांस दांतांमुळें कुरकुरीत चालत नाहीं. त्यांनीं चिप्स चिलींत चांगले भिजूं दिले आणि वाटी संपविली. पदार्थ अशा रीतीनेंही उत्तम लागतो, असा त्यांचा अभिप्राय आहे.

साहित्य व कृति

सहा माणसांसाठीं प्रमाण असें : राजमा दीड वाटी, ब्याडगी मिरच्या ६, संकेश्वरी मिरच्या २, लाल पिकलेले टोमॅटो ४, कांदे २, लसणाच्या पाकळ्या ६, जिरें दोन लहान चमचे, ओव्याचीं पानें तीनचार, मक्याचें पीठ एक मोठा चमचा, तेल दोन मोठे चमचे, किसलेलें चीज एक वाटी, मक्याचे चिप्स सुमारें २०० ग्रॅम, आणि चवीपुरतें मीठ. राजम्याच्या जागीं आमच्या सातारा जिल्ह्यांतील कोरेगांवकडचा वाघ्या घेवडा घेतल्यास अधिक चांगलें. तो त्याच जातीचा असून त्यास भौगोलिक मानांकनही मिळालें आहे.

राजमा रात्रीं भरपूर पाण्यांत भिजत घालावा. सकाळीं तें पाणी टाकून द्यावें, आणि नव्या पाण्यांत राजमा कुकरमध्यें पुरता मऊ शिजवावा. एक शिटी झाल्यावर मंद विस्तवावर वीस मिनिटें साधारणपणें पुरतात. येथें एक सूचना कळकळीची आहे. कच्च्या राजम्यांत एक विषारी द्रव्य असतें. चारपांच कच्चे दाणे पोटांत गेले तरी एक ते तीन तासांत जोराच्या ओकाऱ्या सुरू होऊं शकतात. खळखळ उकळत्या पाण्यांत निदान दहा मिनिटें शिजल्याशिवाय तें नष्ट होत नाहीं; उलट, मंद उष्णतेच्या विजेच्या भांड्यांत न उकळतां शिजविल्यास तें वाढतें. कुकर असल्यास ही भीति नाहीं. पण दाणा बोटांत दाबून पाहावाच.

सर्व मिरच्यांच्या बिया काढून त्या अर्धा तास गरम पाण्यांत भिजवाव्या आणि टोमॅटोंसह बारीक वाटाव्या. ब्याडगीनें रंग येतो, संकेश्वरीनें तिखटपणा. जाड बुडाच्या पातेल्यांत तेल तापवून त्यांत कांदा व लसूण गुलाबी परतावें. नंतर जिऱ्याची भाजून केलेली पूड घालावी. टेक्सासच्या चिलींत जिऱ्याचा वास पुढें असावा लागतो. मग वाटण घालून तेल सुटेपर्यंत परतावें. शिजलेला राजमा त्याच्या पाण्यासह घालावा, त्यांतील मूठभर दाणे पळीनें ठेचावे, ओव्याचीं पानें चिरून टाकावीं, आणि वीस मिनिटें मंद विस्तवावर शिजूं द्यावें. तिकडे 'ओरेगानो' नांवाची सुवासिक वनस्पति घालतात. ओव्याच्या पानाचा वास तिच्या जवळ जातो. शेवटीं मक्याचें पीठ थोड्या पाण्यांत कालवून लावावें म्हणजे दाटपणा येतो. मीठ नेहमींपेक्षां कमीच घालावें, कारण चिप्स व चीज दोन्ही खारट असतात. चातुर्मासांत कांदा-लसूण न खाणाऱ्यांनीं फोडणींत हिंग घालावा. चव निराळी पण चांगली येते.

चिप्स बाजारांत मिळतात. घरीं करावयाचे असल्यास दोन वाट्या मक्याचें पिवळें पीठ घ्यावें. दुकानांत 'कॉर्नफ्लोअर' म्हणून जी पांढरी पूड मिळते ती घेऊं नये. तें केवळ सत्त्व असून त्याचे काप होत नाहींत. पिठांत मीठ व चमचाभर तेल घालून तें कढत पाण्यानें मळावें. मक्याच्या पिठास गव्हाप्रमाणें चिकटा नसल्यामुळें गार पाण्यानें तें फुटतें. भाकरी करणाऱ्या हातांस ही गोष्ट नवीन नाहीं. प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्यें पातळ पोळी लाटून ती तव्यावर दोन्ही बाजूंनीं अर्धवट भाजावी, बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापाव्या, आणि मध्यम आंचेवर बुडबुडे थांबेपर्यंत तळाव्या. गार झाल्यावर डब्यांत भराव्या.

वाढण्याचा नियम मिसळीचाच आहे : पानावर बसल्याशिवाय वाढूं नये. वाटींत मूठभर चिप्स, त्यावर दोन पळ्या चिली, त्यावर चीज, कांदा, हवें असल्यास लिंबू. आणि सर्वांत वर पुन्हां चारपांच कोरडे चिप्स. खालचे मऊ, वरचे कुरकुरीत, अशी दोन्ही सुखें एका घांसांत मिळतात. टेक्सासांत शाळांच्या फुटबॉलच्या सामन्यांच्या वेळीं चिप्सची लहान पिशवीच उभी चिरून तींत चिली ओतून देतात, आणि लोक ती हातांत घेऊन उभ्यानेंच खातात. चालतां चालतां खाणें आमच्या पिढीस रुचणारें नाहीं. परंतु भांडें घासावें लागत नाहीं हा त्यांतील गुण कोणाही गृहिणीस नाकारतां येणार नाहीं.

पथ्याचें दोन शब्दांत सांगतों. बाजारच्या चिप्सच्या अठ्ठावीस ग्रॅमांत, म्हणजे एका लहान मुठींत, सुमारें १६० उष्मांक व १० ग्रॅम स्निग्धांश असतो. प्रौढ मनुष्यानें दिवसांत सर्व मिळून पांच ग्रॅमांहून कमी मीठ खावें असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हां रक्तदाब असणाऱ्या वडील मंडळींच्या वाटींत चिली अधिक व चिप्स नांवाला, असें प्रमाण ठेवावें. चिली स्वतः पौष्टिक आहे. जपावयाचें तें चिप्सपासून.

करणाऱ्यास धीर कोण देणार?

हा पदार्थ आम्हीं एवढ्या विस्तारानें कां सांगितला, याचें खरें कारण आतां सांगतों. गेल्या पावसाळ्यांत वहिनी अंगणांत घसरल्या आणि त्यांचें उजवें मनगट मोडलें. घरांत अकरा माणसें. दोघी सुना नोकरीवर जातात. एक बँकेंत, दुसरी शाळेंत. वहिनींच्या हातास सहा आठवडे पट्टा होता, आणि त्या सहा आठवड्यांत घराचा सारा व्यवहार किती बारीक दोऱ्यावर लोंबत होता हें सर्वांच्या लक्षांत आलें. घरांतील प्रत्येकाचा ताप, प्रत्येकाची परीक्षा, प्रत्येकाचें दुःख ज्या हातांनीं मऊ भातानें निवविलें, ते हात एकदां थांबले तर त्यांस मऊ भात कोणीं करून द्यावा? एकत्र कुटुंबाचे गुण आम्ही जन्मभर गात आलों आहों. परंतु कुटुंब एकत्र असून स्वयंपाक एकटीचा असेल तर त्या एकत्रपणास फारसा अर्थ नाहीं.

त्या आठवड्यांत आमच्या तेरा वर्षांच्या नातवानें आत्याची कृति वहीवरून वाचून चिली केली. राजमा रात्रीं त्यानेंच भिजत घातला. कुकर लावतांना धाकटी सून जवळ उभी होती. पुढचें सर्व त्याचें त्यानें केलें. आम्हांकडे कांदा चिरण्याचें काम आलें. "आजोबा, तुम्ही फार जाड चिरतां," असा शेरा आम्हांस मिळाला, आणि तो योग्यच होता. वहिनींनीं डाव्या हातानें चमचा धरून खाल्लें, आणि जिरें किंचित् कमी पडलें आहे एवढेंच सांगितलें. पुढच्या शनिवारीं त्यानें तें वाढविलें. आतां हा पदार्थ आमच्या घरीं शनिवारचा ठरून गेला आहे, आणि त्या संध्याकाळीं दोघी सुनांनीं स्वयंपाकघरांत पाऊल टाकूं नये असा मुलांचा दंडक आहे.

प्रत्येक घरांत असा एक तरी पदार्थ असावा कीं जो कोणासही, मुलासही, पुरुषासही, न विचारतां करतां यावा. तो मिसळ असो, पिठलें असो, नाहींतर ही टेक्सासची चिली असो. मात्र करणाऱ्याची वाटी सर्वांत शेवटीं भरली जाते हें विसरूं नये. तिच्यासाठीं वरचे चार कोरडे चिप्स आधींच बाजूस काढून ठेवावे.